धीर धरा पॉलिशिंग वर्क्स

“संध्याकाळी पाचपर्यंत हवी,” फ्रिम्पोंग म्हणाला आणि मोठ्या प्रेमाने गाडीच्या टपावर हात ठेवायला गेला. मी नुसतं पाहिलं. त्याने हात मागे घेतला.

शुक्रवार होता, सकाळचे पावणेदहा. मी आधी घड्याळाकडे पाहिलं, मग गाडीकडे. अदोमाको मास्तरांची गडद निळी प्यूजो. मास्तर चौदा महिने अंथरुणाला खिळून होते आणि तेव्हापासून गाडी त्यांच्या अंगणातल्या आंब्याखाली उभी होती. खाली कोणाची गाडी आहे हे आंब्याला कोणी सांगितलं नव्हतं. त्याने मोहर, चीक, पानं सगळं तिच्यावरच टाकलं होतं. उरलेली जागा आमच्या कुमासी शहराच्या वटवाघळांनी भरून काढली होती.

फ्रिम्पोंग म्हणाला की काल रात्री घराण्याच्या बैठकीत ठरलं. उद्या शववाहिनीच्या पुढे मास्तरांची स्वतःची गाडी चालली पाहिजे, आणि ती तोच चालवणार. पाच वाजता घराण्याचे प्रमुख नाना सारपोंग आणि बाकीची थोर मंडळी तयारी बघायला येणार, तेव्हा ती अंगणात उभी हवी. मास्तर जाऊन सात आठवडे झाले होते. सात आठवडे ते शवागारात शांतपणे पडून होते, तेव्हा कोणाला गाडी आठवली नाही. पण घराण्याच्या बैठकीला घराण्याच्याच वेळेला आठवतं, त्याला इलाज नाही.

फ्रिम्पोंग हा मास्तरांच्या थोरल्या बहिणीचा थोरला मुलगा. आमच्यात माणूस आईच्या घराण्याचा, त्यामुळे मामाचं जे असेल ते भाच्याकडे जातं. अकरा वर्षं तो दुसऱ्याची टॅक्सी चालवत होता. रविवारची प्रार्थना झाली की नाना सारपोंग किल्ली त्याच्या हातात ठेवणार, हे सगळ्यांनी धरून चाललं होतं. त्यानेही. मास्तरांच्या बायकोचं, मामे आफ्रियेचं, म्हणणं इतकंच होतं की गाडी अंगणातच राहावी. तिला गाडी चालवता येत नाही. पण एकतीस वर्षं दर रविवारी ती मास्तरांच्या शेजारच्या जागेवर बसून चर्चला गेली होती, आणि ती जागा कोणी उचलून नेऊ नये असं तिला वाटत होतं. कायदा विधवेच्या बाजूने आहे असं रेडिओवर सांगतात. असेल. पण कायदा काळे कपडे घालून अंत्ययात्रेला येत नाही. घराणं येतं.

मला या भांडणात पडायचं नव्हतं. माझा संबंध रंगाशी.

आणि मास्तरांशी. चौथीत त्यांनी मला गणित शिकवलं, म्हणजे प्रयत्न केला. मी सगळ्यांच्या आधी पाटी पालथी घालायचो आणि सगळी उत्तरं चुकलेली असायची. ते ओरडायचे नाहीत. वहीत लाल शाईने दोनच शब्द लिहायचे, ‘धीर धर.’ पुढे सुआमेच्या गॅरेजवाल्यांच्या वस्तीत मी गाड्या पॉलिश करायचं दुकान टाकलं, तेव्हा पाटीवर तेच लिहिलं, फक्त गिऱ्हाइकांना मान म्हणून अनेकवचनात. धीर धरा पॉलिशिंग वर्क्स. पहिलं गिऱ्हाईक मास्तर. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली आणि म्हणाले, “शुद्धलेखन बरोबर आहे.” त्या दिवसापासून बावीस वर्षं त्या गाडीच्या रंगाला माझ्याशिवाय कोणाचा हात लागला नाही. आणि हातच. मशीन नाही. बावीस वर्षं घासून घासून तो रंग किती पातळ झाला होता ते मला माहीत होतं. बायकोचं वय नवऱ्याला माहीत असतं तसं. आकडा बोलून दाखवायचा नाही, पण वागताना विसरायचा नाही.

आता, वेळ थोडा असला की काय करावं, हे मी सुआमेतल्या निदान तीस माणसांना शिकवलेलं आहे. सावलीत घ्या. भरपूर पाण्याने धुवा. चीक ओल्या फडक्याखाली भिजू द्या, नखाने काढू नका. कोरडं करा. मेणाचा एक हात द्या, पुसा, आणि गप्प बसा. घासायला जाऊ नका. राहिलेले डाग राहू द्या. डाग पुढच्या महिन्यात निघतो, गेलेला रंग परत येत नाही. हे मी इतक्या वेळा आणि इतक्या गंभीरपणे सांगितलं आहे की लोक मला बघून रस्ता बदलतात.

दोन वाजेपर्यंत मी तसंच केलं. गाडी स्वच्छ झाली. बॉनेटवर चिकाचे फिकट ठिपके राहिले होते आणि उन्हाने निळ्या रंगावर साय धरली होती. तेवढ्यावर मेण दिलं असतं तर चारचौघांत शोभली असती. म्हाताऱ्या माणसाची म्हातारी गाडी, स्वच्छ, नीटनेटकी. मास्तर असेच दिसायचे.

पण मला चारशे माणसं दिसू लागली. मास्तरांनी अर्धं सुआमे शिकवलं होतं. उद्या गॅरेजवाले येणार, टॅक्सीमालक येणार, चर्चची माणसं येणार, आणि सगळ्यांच्या पुढे ही गाडी चालणार. लोक म्हणणार, न्तिमचं काम, म्हणजे माझं. मी मनाशी म्हणालो, मास्तरांसाठी ती आरशासारखी दिसली पाहिजे. मास्तरांसाठी असं म्हटलं की बरं वाटतं.

समोर बारिमाचं दुकान आहे. त्याच्या पाटीवर लिहिलंय, ‘अर्ध्या तासात आरसा.’ या पाटीवर मी दहा वर्षं विनोद करत आलो आहे, काही तर चांगले होते. मी रस्ता ओलांडून गेलो आणि त्याच्याकडे बफिंग मशीन मागितलं. तो हसला नाही. वायर गुंडाळून मशीन माझ्या हातात दिलं आणि खालच्या आवाजात म्हणाला, “पापा न्तिम, तेवढं कडेला टेकवू नका हं. कडेला रंग नसतोच.”

मी त्याला म्हणालो की तू जन्मला नव्हतास तेव्हापासून मला कडा माहीत आहेत.

मशीनने पंचवीस मिनिटांत जे केलं ते मला दोन दिवस लागले असते. साय गेली, ठिपके गेले, खालून असा निळा आला की मीच त्यात दिसू लागलो. आणि मी बघत बसलो, हे खरं कारण. स्वतःकडे बघत होतो. बॉनेटच्या मधून एक उंचवटा जातो, त्याच्या कडेवर मशीन दोन क्षण जास्त रेंगाळलं. वास आला. मशीन बंद केलं, फडकं फिरवलं. कडेवर चार बोटं लांब, एक बोट रुंद असा करडा पट्टा. अस्तराचा रंग. अस्तर दिसलं म्हणजे वर काही उरलेलं नाही.

मी त्यावर हात ठेवून उभा राहिलो. हात काढला तर जाईल अशा आशेने. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. तो निळा मिळवायचा, भरायचा, वाळवायचा म्हणजे दोन दिवस. हातात दोन तास होते, तेही पुरते नाहीत.

हात धुवायला दुकानाच्या फाटकापाशी गेलो तर भिंतीवर पानात बांधलेला चवळी-भात ठेवलेला, वर उकडलेलं अंडं. मास्तरांच्या घरून कोणीतरी पाठवलं असणार. गार झाला होता. मी तो भिंतीला टेकून सगळा खाल्ला, आणि खाता खाता मला सुचलं.

अंत्ययात्रेच्या गाड्यांना आम्ही लाल कापड बांधतो. मी रस्त्याच्या टोकाच्या शिंपिणीकडून चांगलं हातभर रुंद लाल कापड आणलं, बॉनेटवरून आडवं घेतलं, दोन्ही आरशांना बांधलं आणि मधोमध, बरोबर उंचवट्यावर, त्याचं मोठं फूल केलं. पाच वाजता मास्तरांच्या अंगणात नाना सारपोंग काठी टेकत गाडीभोवती फिरले. फुलापाशी थांबले. म्हणाले की इतकं सुंदर फूल त्यांनी राणीआईच्या प्रेतयात्रेतही पाहिलं नव्हतं. मामे आफ्रिये पडवीत बसली होती. ती काही बोलली नाही, पण मास्तर गेल्यापासून ती कोणाशीच फारसं बोलत नव्हती.

शनिवारी सगळं झालं तसं झालं. गाडी पुढे, शववाहिनी मागे, बँड त्याच्या मागे. लोक म्हणाले, न्तिमचं काम. मी काळ्या कपड्यात मान खाली घालून चाललो आणि लोकांना वाटलं की शिष्याला फार लागलंय. दफनभूमीकडचा रस्ता कच्चा, लाल मातीचा. वाऱ्याने कापड सैल झालं, तेव्हा फ्रिम्पोंगने गाडी थांबवली आणि उतरून आरशाजवळची गाठ घट्ट आवळली. फूल जागचं हललं नाही. मी देवाचे आभार मानले. अशा कामासाठी देवाला हाक मारण्याची माझी पहिलीच वेळ.

मंडपात जेवणं चालली होती तेव्हा ध्वनिक्षेपकवाल्याने पुकारलं, उद्या आभारप्रार्थना, सर्वांनी पांढऱ्या कपड्यांत यावं. मी हातातला घास ताटात परत ठेवला. अठ्ठावन्न वर्षं मी अंत्ययात्रांना जातोय. शनिवारी लाल-काळं, रविवारी पांढरं, हे आमच्याकडे रांगणाऱ्या पोरालाही सांगावं लागत नाही. आणि मी सबंध लबाडी शनिवारच्या रंगावर उभी केली होती. रविवारी माणसं लाल उतरवणार, तर गाडीही उतरवणार. उत्तर सगळ्यांच्या आधी लिहून मी पाटी पालथी घातली होती.

रविवारी सकाळी साडेसहाला मी पांढरा सदरा घालून, खिशात पांढऱ्या कापडाची गुंडाळी घेऊन मास्तरांच्या अंगणात शिरलो. लाल फूल सोडायचं आणि त्याच श्वासात पांढरं बांधायचं, एवढंच काम होतं.

फ्रिम्पोंग माझ्या आधी उठला होता.

तो बॉनेटपाशी उभा होता, हातात लाल कापड. भोवती नाना सारपोंग आणि घराण्याची पाच-सहा माणसं, सगळी पांढऱ्या कपड्यांत. पडवीत प्लास्टिकच्या खुर्चीवर मामे आफ्रिये. कोणी ओरडत नव्हतं. फ्रिम्पोंग सांगत होता की काल रस्त्यात त्याने गाठ आवळली होती, जरा जोरात आवळली असेल, पण खाली असं काही होईल हे त्याला माहीत नव्हतं. एका मावशीने म्हटलं की टॅक्सीवाल्याचा हात तो टॅक्सीवाल्याचाच. तिला कोणी गप्प केलं नाही.

नाना सारपोंगनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा मोकळा झाला. जाणकार आला होता.

“ये, न्तिम. तू या विद्येतला माणूस,” ते म्हणाले. “शुक्रवारी तू गाडी दिलीस तेव्हा आरसा होती, आम्ही सगळ्यांनी बघितली. आता तूच सांग, हे कशानं होतं?”

मी वाकून डाग पाहिला. नीट पाहिला, पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा. बोट फिरवलं.

“कापडाखाली माती गेली, आणि वरून गाठ आवळली,” मी म्हणालो, “की वाऱ्यानं कापड घासत राहतं. पातळ रंग असला तर जातो.”

यात एक अक्षर खोटं नाही. असं होतं. मास्तरांनी हे उत्तर तपासलं असतं तर आधी बरोबरची खूण केली असती. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं असतं, आणि ती खोडली असती.

फ्रिम्पोंगने मान डोलावली. पटलं त्याला. त्याला पटलं हे मी पाहिलं, आणि तरी मी तसाच उभा राहिलो.

“एक दिवस दिली होती रे तुला,” नाना त्याला म्हणाले. “एकच दिवस.”

मग मंडळी आंब्याखाली जाऊन बसली आणि चर्चची घंटा व्हायच्या आत निर्णय झाला. वर्षश्राद्धापर्यंत गाडी अंगणातच, मामे आफ्रियेच्या ताब्यात राहील. पुढचं पुढे बघू. आमच्याकडे ‘पुढचं पुढे बघू’ म्हटलं की पुढे कोणी बघत नसतं, हे सगळ्यांना माहीत आहे. फ्रिम्पोंगलाही होतं. त्याने किल्ली उजव्या हाताने मामे आफ्रियेपुढे धरली, आणि डावा हात आदराने आपल्या उजव्या कोपराला लावला.

चर्चमध्ये आभाराची यादी वाचली. डॉक्टर, बँड, मंडपवाले, आणि ‘गुरूच्या शेवटच्या प्रवासासाठी हातातली सगळी कामं बाजूला ठेवणारे याव न्तिम’. मला उभं राहावं लागलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. खिशातलं पांढरं कापड फुगलं होतं, त्यावर हात ठेवून मी उभा राहिलो. लांबून ते छातीवर हात ठेवल्यासारखं दिसलं असावं, कारण टाळ्या वाढल्या.

सोमवारी फ्रिम्पोंग दुकानात आला. माल्ट या गोड पेयाच्या दोन गार बाटल्या घेऊन. मी बाक पुसला, तो बसला नाही.

“पापा, तुमचं काम मी घालवलं,” तो म्हणाला. “तुम्ही दिवसभर राबलात, आणि मी एका गाठीनं त्याची माती केली. माफ करा मला.”

एवढी सोपी संधी देव माणसाला दुसऱ्यांदा देत नाही. रस्त्यापलीकडे बारिमाचं मशीन फिरत होतं. मला फक्त तिकडे बोट दाखवायचं होतं.

“होतं असं,” मी म्हणालो.

त्याने बाटली उघडून उजव्या हाताने माझ्यापुढे केली. मी ती प्यायलो. थंड आणि गोड होती, आणि मी ती शेवटच्या थेंबापर्यंत प्यायलो, कारण अर्धी ठेवली असती तर त्याला वाटलं असतं की मी अजून रागावलो आहे.

बारिमाने या सगळ्यावर आजवर एक शब्द काढलेला नाही. मशीन परत नेऊन दिलं तेव्हा फडक्याला लागलेली करडी पूड त्याने पाहिली होती. दहा वर्षांच्या विनोदांचं उट्टं काढायची त्याला मुभा होती. तो नुसता सकाळी “पापा, झोप झाली का” म्हणतो. त्याने असं वागायला नको होतं.

पाच आठवड्यांनी प्यूजो पुन्हा माझ्या दारात आली. फ्रिम्पोंग चालवत होता, शेजारच्या जागेवर मामे आफ्रिये. त्या गाडीचा गिअर त्याच्याशिवाय कोणाला जमत नाही, म्हणून दर रविवारी टॅक्सी मालकाच्या दारात लावून तो मामीला चर्चला नेत होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. मामेने त्याला कोपऱ्यावरून पाव आणायला पाठवलं आणि ती बाकावर बसली.

मी सगळं पाठ करून ठेवलं होतं. म्हणालो, “मामे, तो डाग मी भरून देतो. निळा मिळवलाय मी. दोन दिवस ठेवा, कोणाला कळणार नाही.”

“तुला येतं, माहीत आहे मला,” ती म्हणाली. मग तिने विचारलं, “शुक्रवारचा भात खाल्लास का रे?”

मला आधी कळलं नाही.

“पानातला. मीच आणला होता. मशीन चालू होतं, तू पाठमोरा होतास. मग मशीन बंद झालं आणि तू बॉनेटवर हात ठेवून उभा राहिलास. म्हटलं, आत्ता हाक नको मारायला. भिंतीवर ठेवला नि गेले.”

मी फाटकाजवळच्या त्या भिंतीकडे पाहिलं.

“रविवारी नानांनी तुला विचारलं ना, तेव्हा मी खुर्ची घट्ट धरून बसले होते. म्हटलं, हा आता सांगणार. मास्तरांचा विद्यार्थी, सांगितल्याशिवाय राहायचा नाही. आणि मी प्रार्थना केली, याव, की तू सांगू नयेस. नवरा जमिनीत जाऊन एक दिवस झाला नव्हता, आणि मी असलं मागत होते.” तिने अंगावरच्या कापडाची घडी नीट केली. “तू माझ्यासाठी गप्प बसलास. मी विसरायची नाही ते.”

मी तिच्यासाठी गप्प बसलो नव्हतो. ती पडवीत बसली आहे हेही त्या क्षणी माझ्या ध्यानात नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे फक्त माझ्या दुकानाची पाटी होती. हे तिला सांगायला मी तोंड उघडलं, आणि तिच्याकडे पाहिलं. ती पापात एक सोबती मिळाल्यासारखी माझ्याकडे बघत होती. तोंड मिटलं. एव्हाना मला त्याचा सराव झाला होता.

“डाग राहू दे,” ती म्हणाली. “तो आहे तोवर नानांना तो दिवस आठवतो. बुजवलास तर विसरतील, आणि मग बैठक बसेल.”

“गंज चढेल, मामे.”

“चढू देऊ नकोस. ते तुझं काम.”

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी गाडी येते. वर्षश्राद्ध होऊन गेलं, बैठक बसली नाही. मी तिला सावलीत घेतो, धुतो, हाताने मेण देतो. मशीन नाही. सबंध दिवस लावतो, आता मला कसलीच घाई नसते. डागावर मी तीनदा मेण चढवतो, कारण उघड्या अस्तराला हवा लागू देऊन चालत नाही. सुआमेतल्या सगळ्या निळ्या रंगापेक्षा त्या चार बोटं करड्या जागेची मी जास्त काळजी घेतो, आणि ती अजून जशीच्या तशी आहे.

फ्रिम्पोंग गाडी लावतो, उतरतो, किल्ली माझ्या हातात देतो आणि दोन पावलं मागे सरकतो. बाक मोकळा असतो, पण तो बसत नाही. माझं बॉनेटवरचं काम संपेपर्यंत तो तिथेच उभा राहतो, दोन्ही हात पाठीमागे धरून, चुकून गाडीला लागू नयेत म्हणून.